खोकला नाही? मग घसा नीट बघा

"नुसता घसाच धरलाय की गे, खोकला कुठं आहे? होईल उद्यापर्यंत बरा." उचगावात काय, तुरमुरी-बाचीत काय, नाहीतर हद्द ओलांडून शिनोळीत काय, घसा दुखणाऱ्या पोराकडे बघून आज्जी सुनेला असंच सांगणार. त्यामागचा हिशेब खोटा नाही. बेळगाव दहा-बारा किलोमीटरवर असलं तरी तापलेलं पोर खांद्यावर टाकून फाट्यावर बसची वाट बघायची, हिंडलगा पार करून शहरात शिरायचं, दवाखान्यात नंबर लावायचा आणि चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात उभं राहायचं. एकाचा रोजगार त्यात जातोच. त्यामुळे खोकून खोकून घर डोक्यावर घेणारं पोर डॉक्टरकडे पोचतं आणि गप्प पडून राहिलेलं घरीच राहतं.

डॉक्टरांच्या हिशेबात हे जवळजवळ उलटं आहे. घसा दुखतोय, पण सोबत खोकला आहे, नाक गळतंय, आवाज बसलाय, डोळे लालसर झालेत, तर दुखणं बहुधा विषाणूचं. त्यावर अँटिबायोटिक चालत नाही आणि लागतही नाही. चार-पाच दिवसांत, फार तर आठवड्यात ते आपल्या पायांनी निघून जातं. पावसाळ्यात अंगणवाडीतून घरी येणारा, तोंडात फोड आणि तळहात-तळपायांवर पुटकुळ्या उठवणारा आजारही याच गटातला. पोराला घास गिळवत नाही, आईचा जीव कासावीस होतो, पण तोही आपोआप बरा होतो.

खोकला नाही, सर्दी नाही, सकाळी धडधाकट असलेल्या पोराला संध्याकाळी एकदम ताप चढला, थुंकी गिळतानाही तोंड वाकडं होतंय, जबड्याखाली मानेच्या पुढच्या बाजूला दुखऱ्या गाठी लागतायत, डोकं किंवा पोट दुखतंय, एखादी उलटीही झाली, तर मात्र सकाळची बस धरावी. हा घसा 'स्ट्रेप्टोकोकस' नावाच्या जिवाणूचा असू शकतो. १९८१ साली अमेरिकेत रॉबर्ट सेंटॉर या डॉक्टरांनी घसादुखीसाठी चार खुणांचा एक ठोकताळा मांडला. त्यातली एक खूण 'खोकला नसणे' हीच आहे. पुढे त्यात वयाचाही गुण धरला गेला, कारण हा जिवाणू मुख्यतः शाळकरी मुलांचा. पाच ते पंधरा वर्षांच्या शंभर मुलांचे घसे दुखले तर साधारण वीस ते तीस जणांत तो सापडतो. तीन वर्षांखालच्या मुलांत क्वचितच.

घरी घसा बघायचा तर पोराला मांडीवर पाठमोरं बसवा. एका हातानं त्याचे दोन्ही हात कवेत धरा, दुसरा हात कपाळावर ठेवून डोकं आपल्या छातीला टेकवा. समोरच्यानं मोबाईलची बॅटरी लावायची आणि पोराला 'आ' करायला सांगायचं. चमच्याचा दांडा लागलाच तर जिभेच्या पुढच्या भागावर हलकेच, आत ढकलायचा नाही. नीट दिसतं ते जेमतेम दोन सेकंद, तेवढं पुरतं. टॉन्सिल सुजून लालबुंद झालेत का, त्यांवर पांढरे-पिवळे ठिपके आहेत का, टाळूवर बारीक लाल टिपके उठलेत का, हे बघायचं. ठिपके दिसले म्हणजे जिवाणूच, असं नाही; काही विषाणूही तसेच ठिपके आणतात. शेवटचा निवाडा डॉक्टरांचाच, पण जे दिसलं ते त्यांना सांगता येतं.

दिसण्याजोग्या गोष्टींत एक मात्र अशी, की ती दिसल्यावर उद्याची वाट बघायची नाही. टॉन्सिलवर किंवा त्याच्याही पलीकडे पडजिभेपर्यंत पसरलेला, मळकट करड्या रंगाचा, चिकटून बसलेला पापुद्रा, आणि सोबत सुजलेली मान. हा घटसर्प. पापुद्रा खरवडायला जाऊ नये, रक्त येतं. तरुण आयांनी हे नाव फक्त लसीच्या संदर्भात ऐकलेलं असतं, पण रोग गेलेला नाही. जगभरात नोंदल्या जाणाऱ्या घटसर्पाच्या रुग्णांत भारताचा वाटा अजून मोठा आहे. त्यावर नुसतं अँटिबायोटिक पुरत नाही, विषावर उतारा असलेलं अँटिटॉक्सिन लागतं, तेही लवकर. म्हणून अशा पोराला गल्लीतल्या दवाखान्यात न थांबता बेळगावच्या मोठ्या रुग्णालयात न्यावं. दीड महिन्यापासून सुरू होणारे तीन डोस बहुतेक मुलांना मिळतात, सोळा ते चोवीस महिन्यांतला बूस्टरही अनेकांना मिळतो. राहतो तो पाच ते सहा वर्षांतला. त्याची नोंद बघायची ते कर्नाटकात आईला मिळणारं तायी कार्ड कन्नडमधलं. ते वाचता येत नसेल तर आशाताईसमोर ठेवून तेवढी एक ओळ विचारून घ्यावी.

घशात न डोकावताच निघावं, अशाही काही खुणा आहेत. लाळ गिळता येईना म्हणून ती तोंडातून गळतेय, श्वास घेताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येतोय, पोर पुढे वाकून हनुवटी पुढे काढून बसलंय आणि आडवं व्हायला तयार नाही, तोंड नीट उघडत नाही, मान वळवत नाही. अशा वेळी चमचा घालून बघायचं नाही; पोर रडलं तर आधीच अरुंद झालेली वाट बंद होऊ शकते. त्याला हवं तसं कडेवर बसू द्या आणि गाडी काढा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. आठ तास लघवी झाली नसेल, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप असेल, किंवा खेळता-खेळता काही गिळल्यावर घसा दुखायला लागला असेल, तरीही तसंच. घड्याळातला बटणासारखा सेल अन्ननलिकेत अडकला तर काही तासांत भोक पाडतो.

इथे पडजिभेबद्दल बोलावंच लागेल. 'पडजीभ उतरली' म्हणून अंगठ्याला हळद-मीठ लावून ती वर दाबणारे हात खेड्यापाड्यांत अजून आहेत. त्यांच्या मायेबद्दल शंका नाही, पण आत पू झालेला असेल किंवा पापुद्रा असेल तर त्या अंगठ्यानं जिवावर बेतू शकतं. हळदीचं कोमट दूध, मऊ भात, पेज, जमत असेल त्या वयात मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, हे खुशाल करावं. मध एक वर्षाच्या पुढेच.

दुखणं आणि ताप यांसाठी पॅरासिटॅमॉल. मात्रा वयावर नव्हे, वजनावर ठरते: एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान चार ते सहा तासांचं अंतर, दिवसात चारांपेक्षा जास्त नाही. घोळ होतो तो बाटलीवरून. एका बाटलीत ५ मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम असतं, दुसरीत २५०. चौदा किलोच्या पोराला पहिल्या बाटलीतलं आठ मिलीच्या पुढे लागेल, दुसरीतलं जेमतेम चार. शेजारणीनं 'आमच्या बाळ्याला दोन टोपणं दिली' म्हटलं की आधी तिची बाटली बघावी. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये. आणि खोकल्याची सिरप? २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्यात 'कोल्ड्रिफ' पिऊन मुलं दगावली. त्यांतली कितीतरी नागपूरच्या रुग्णालयांत आणलेली होती. विष होतं डायएथिलीन ग्लायकॉल. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली ग्लिसरॉलमधून १४ रुग्णांचा बळी घेणारं, ज्याच्या चौकशीला लेंटिन आयोग बसला, तेच. छिंदवाड्यानंतर केंद्रानं पुन्हा बजावलं की दोन वर्षांखाली अशी औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा टाळावीत.

आता तो स्ट्रेप्टोकोकस. घसा तर तो औषधाशिवायही आठवड्याभरात सोडतो. मग त्याच्यासाठी बस का धरायची? हृदयासाठी. या जिवाणूशी लढताना काही मुलांचं शरीर स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उठतं. उपचार न झालेल्या शंभरांत फार तर तिघांवर ही पाळी येते. पण हा संधिवाताचा ताप एकदा येऊन गेला की प्रत्येक नव्या संसर्गानं झडप आणखी आखडते, आणि पंचविशीतली बाई बाळंतपणात धाप लागली म्हणून रुग्णालयात येते. १९५० साली अमेरिकेतल्या वॉरन हवाई तळावरच्या डॉक्टरांनी घसा सुजलेल्या सैनिकांवरचे निष्कर्ष छापले. पेनिसिलिन मिळालेल्या आठशेच्या आसपास जवानांत हा ताप दोघांना आला, न मिळालेल्या जवळपास तेवढ्याच जवानांत सतरांना.

नंतरच्या अभ्यासात आणखी एक दिलाशाची गोष्ट कळली: घसा धरल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झालं तरी हृदय वाचतं. म्हणजे एवढ्यासाठी मध्यरात्री धावायला नको. डॉक्टर म्हणाले की घशाचा स्वॅब कल्चरला पाठवू, दोन दिवस थांबू, तर थांबावं. मात्र 'एएसओ' या रक्ततपासणीवर आजच्या घशाचा निवाडा होऊ देऊ नये. ती जुन्या संसर्गाची पावती आहे आणि ठणठणीत मुलांतही वाढलेली निघते. तिच्यावरून महिनोन्महिने इंजेक्शनं घेत बसलेली मुलं पुष्कळ आहेत.

औषध ठरलंच तर ते साधं पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन, पुरे दहा दिवस. इतक्या वर्षांत या जिवाणूनं पेनिसिलिनला दाद न दिल्याचं कुठे आढळलेलं नाही. उलट मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय उचललेल्या ॲझिथ्रोमायसिनच्या पट्टीला तो हळूहळू जुमानेनासा झालाय. चौथ्या दिवशी पोर अंगणात हुंदडायला लागतं आणि बाटली फ्रिजच्या दारात पडून राहते. ती बाटली संपवणं हेच खरं पथ्य. शाळेत मात्र औषध सुरू होऊन चोवीस तास झाले आणि ताप उतरला की पाठवायला हरकत नाही.

त्यानंतरही महिनाभर डोळा ठेवावा, कारण संधिवाताचा ताप दोन ते चार आठवड्यांनी येतो. आज गुडघा सुजला, परवा तो उतरला आणि घोटा धरला, पोर लंगडतंय. घरात म्हणतात मुरगळलं असेल, तेल लावून शेकतात. किंवा लघवी चहाच्या रंगाची होते, सकाळी डोळ्यांखाली सूज दिसते. ती मूत्रपिंडाची तक्रार. हृदयाचा हा आजार २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत आहे. शाळेत तपासणीला पथक आलं की आधी दुखलेल्या सांध्याची गोष्ट त्यांच्या कानावर घालावी. ज्यांना हा ताप होऊन गेलाय त्यांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, तेही वर्षानुवर्षं, घ्यावं लागतं आणि ते स्वस्त असतं. लंगडणाऱ्या पोराला घेऊन डॉक्टरकडे गेलात तर ते आधी पडल्या-झडल्याचं विचारतील. महिन्याभरापूर्वी घसा धरला होता, हे तुम्हालाच सांगावं लागेल.