डिशवॉशर बिघडलाय की पाणी जड आहे? मेकॅनिकला फोन करण्याआधी एवढं तपासा

काचेच्या ग्लासवर पांढरी साय, धुणं संपल्यावर तळाला साचलेलं पाणी, मध्येच थांबलेलं मशीन आणि पडद्यावर लुकलुकणारा कसला तरी कोड. डिशवॉशर असलेल्या घरात यातलं काही ना काही कधीतरी होतंच. मोठ्या शहरात कंपनीचा माणूस लवकर येऊ शकतो. राहात्यासारख्या तालुक्याच्या गावी त्याची वाट पाहावी लागते. तोवर भांडी पुन्हा सिंकमध्ये येतात आणि बहुतेक घरांत ती घासायची पाळी एकाच माणसावर येते.

यातल्या बऱ्याच तक्रारींत मशीनचा एकही भाग खराब झालेला नसतो. पाण्यातला क्षार, तुंबलेली जाळी, दुमडलेला पाइप किंवा टाकीचं कमी प्रेशर, यांपैकी काहीतरी कारण निघतं. हे घरच्या घरी तपासता येतं. कुठे हात घालायचा आणि कुठे अजिबात घालायचा नाही, एवढं मात्र माहीत हवं.

राहात्याच्या पाण्यात असं काय आहे?

राहाता-शिर्डीचा पट्टा गोदावरीच्या उजव्या कालव्याचा, तर लोणी-कोल्हारकडचा भाग प्रवरेच्या डाव्या कालव्याचा. आवर्तन सुटलं की पाण्याची चैन असते. ते लांबलं की विहीर आणि बोअरवर भिस्त. या भागाच्या पोटात बेसॉल्ट म्हणजे आपला काळा पाषाण आहे. त्यातून मुरत आलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं. शिवाय वर्षानुवर्षं उसाला पाटपाणी दिलेल्या काळ्या जमिनीत क्षार साठतात. तेही पाण्याबरोबर खाली उतरतात.

असं पाणी तापलं की त्यातला विरघळलेला चुना घट्ट होऊन बाहेर पडतो. पाणी तापवायच्या पातेल्याला आणि गीझरच्या कॉइलला जो पांढरा थर बसतो, तो हाच. डिशवॉशर पाणी साधारण ५० ते ७० अंशांपर्यंत तापवतो. त्यामुळे हा थर हीटरवर, पाणी उडवणाऱ्या पंख्यांच्या भोकांत आणि भांड्यांवर बसतो.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, जडपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं. म्हणजे पिण्याला चालणारं पाणीसुद्धा डिशवॉशरच्या दृष्टीने खूप जड असू शकतं.

भांड्यांवरचे पांढरे डाग कशाचे?

एक सोपी परीक्षा करा. डाग पडलेल्या ग्लासवर लिंबाची फोड चोळा आणि धुवा. डाग गेला तर तो क्षाराचा आहे. लिंबू लावूनही काच धुरकटच राहिली, तर काच झिजली आहे. ती पूर्ववत होत नाही.

डाग क्षाराचा निघाला तर पहिला प्रश्न: मशीनमध्ये मीठ आहे का?

अनेक डिशवॉशरच्या तळाशी मिठाची एक टाकी असते. हे मीठ भांडी धुवायला नसतं. मशीनमध्ये पाणी मऊ करणारे बारीक मणी असतात. ते पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्याच्या बदल्यात सोडियम सोडतात. काही धुण्यांनंतर हे मणी भरून जातात. मिठाच्या पाण्याने ते पुन्हा ताजे होतात. मीठ संपलं की हे काम थांबतं आणि जड पाणी थेट भांड्यांवर पडतं.

इथे तीन चुका नेहमी होतात.

पहिली चूक, स्वयंपाकाचं मीठ घालणं. त्यात मीठ मोकळं राहावं म्हणून मिसळलेले पदार्थ असतात. त्यांनी ही यंत्रणा तुंबू शकते. डिशवॉशरचंच जाड मीठ घ्या. पहिल्यांदा भरताना आधी त्या टाकीत पाणी भरायचं, मग मीठ. बाहेर सांडलेलं पुसून घ्यायचं आणि लगेच एक धुणं लावायचं. मिठाचं पाणी तसंच राहिलं तर स्टीललाही गंज धरतो.

दुसरी चूक, ‘ऑल इन वन’ गोळी आहे म्हणून मीठच न घालणं. अशा गोळ्यांचा उपयोग साधारण २१ अंश जडपणापर्यंतच होतो. हे जर्मन अंश आहेत आणि एक अंश म्हणजे लिटरला सुमारे १७.८ मिलिग्रॅम. २१ अंशांचे झाले साधारण ३७५ मिलिग्रॅम. बोअरचं पाणी याच्या पुढे गेलं तर गोळीसोबत मीठही लागतंच.

तिसरी चूक, मशीन आलं त्या दिवसापासून जडपणाची सेटिंग न बदलणं. आपल्या पाण्याचा आकडा मशीनला सांगावा लागतो. पाण्याचा जडपणा ४५० मिलिग्रॅम असेल तर त्याला १७.८ ने भागा. उत्तर आलं सुमारे २५ अंश. मशीनसोबत आलेल्या पुस्तिकेत त्या आकड्यासमोरची सेटिंग शोधा आणि ती लावा.

आकडा कळायचा कसा? जडपणा मोजायच्या पट्ट्या मिळतात, किंवा पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नमुना द्या. टीडीएस मीटरवर विसंबू नका. तो पाण्यातले सगळे क्षार एकत्र मोजतो, त्यातला जडपणा किती ते सांगत नाही. नमुना उन्हाळ्यात, टाकीत बोअरचं पाणी असताना घ्या. कालव्याचं पाणी चालू असतानाचा आकडा बराच कमी येऊ शकतो.

आणखी एक गोष्ट. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी साठवून वापरायची चांगली सवय अनेक घरांत आहे. फरशी पुसायला ते चालेल, पण डिशवॉशरला देऊ नका. गाळून काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात.

आधीच बसलेला थर काढायला डिशवॉशरची क्षार काढायची पावडर मिळते. पाकिटावर लिहिलेल्या मापाने ती घालून रिकामं मशीन गरम प्रोग्रॅमवर चालवा. तिच्यासोबत ब्लीच कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

मशीनमध्ये पाणीच येत नाही

आधी नळ पूर्ण उघडा आहे का आणि मागचा पाइप दुमडला आहे का ते पाहा. मग नळ बंद करा, प्लग काढा आणि पाइपचा नट सोडवा. पाइपच्या तोंडाशी एक छोटी जाळी असते. टाकीतली बारीक रेती आणि गाळ तिथेच अडकतो. जुन्या टूथब्रशने ती घासून धुवा. टाकी धुतल्यानंतर किंवा कालव्याचं गढूळ पाणी आल्यानंतर ही जाळी हमखास पाहावी.

जाळी साफ असूनही पाणी येत नसेल तर प्रेशर तपासा. अनेक डिशवॉशरना किमान अर्धा बार दाब लागतो. १० मीटर उंचीवरून आलेल्या पाण्याचा दाब सुमारे एक बार होतो, म्हणजे अर्ध्या बारसाठी पाच मीटर हवेत. एकमजली घराच्या स्लॅबवर टाकी ठेवली तर तिचा तळ जेमतेम तीन-साडेतीन मीटरवर असतो. टाकी अर्धी झाली की मशीन पाण्याची वाट पाहत थांबतं आणि कोड दाखवतं. बऱ्याचदा ‘मशीन कधी चालतं, कधी चालत नाही’ या तक्रारीचं मूळ इथे असतं.

त्याच नळाखाली बादली लावून बघा. अनेक मशीनना मिनिटाला १० लिटर पाणी लागतं. तेवढं येत नसेल तर टाकी उंच करणं किंवा छोटा प्रेशर पंप बसवणं हा उपाय आहे. मशीन उघडून काही मिळणार नाही.

तळाला पाणी साचून राहतं

आधी प्लग काढा. खालची जाळी बाहेर काढा आणि साचलेलं पाणी कपने किंवा स्पंजने उपसा. मग मधली गोल गाळणी डावीकडे फिरवून काढा. आपल्या जेवणातल्या काही गोष्टी इथे हमखास सापडतात: मोहरी, कढीपत्ता, लिंबाच्या बिया, शेंगदाण्याचं कूट आणि भाकरीच्या पिठाचा चिकट राप. गाळणी नळाखाली मऊ ब्रशने धुवा आणि पुन्हा नीट घट्ट बसवा. सैल राहिली तर खरकटं सरळ पंपात जातं. रोजच्या वापरात हे काम आठवड्यातून एकदा करावं.

काही मॉडेलमध्ये गाळणीच्या खाली पंपावरचं झाकण हाताने किंवा चमच्याच्या टोकाने निघतं. आत काचेचा तुकडा किंवा हाड अडकलेलं असू शकतं. बोट घालण्याआधी टॉर्चने बघा. तुमच्या मॉडेलचं झाकण असं निघतं का, हे पुस्तिकेत दिलेलं असतं.

तरीही पाणी उतरत नसेल तर सांडपाण्याचा पाइप पाहा. तो कपाटामागे चेपलेला असतो, किंवा सिंकखालच्या जोडात चिकट चरबी साठलेली असते. मशीन नवं असेल आणि पहिल्या दिवसापासून पाणी उतरत नसेल, तर सिंकखालच्या जोडाचं बंद तोंड प्लंबरने उघडलंय का ते विचारा.

भांडी खरकटीच निघतात

पाणी उडवणारे वरचे-खालचे पंखे हाताने फिरवून बघा. उभा ठेवलेला झारा किंवा कढईचा कान आडवा आला की पंखा फिरत नाही. पंखे काढून त्यांची भोकं टूथपिकने मोकळी करा. राहात्याच्या पाण्यात ती क्षारानेही बुजतात.

कढई, पातेली पालथी ठेवा आणि एकावर एक रचू नका. खरकटं काढून टाका, पण भांडी आधी नळाखाली धुवायची गरज नाही. तसं केलं तर पाणी वाचवण्याचा हेतूच संपतो. एका धुण्याला अनेक मशीन १० लिटरच्या आसपासच पाणी घेतात.

साध्या ॲल्युमिनियमचा कुकर काळा पडला तर तो बिघाड नाही. डिशवॉशरच्या पावडरमधल्या अल्कलीचा हा परिणाम आहे. लोखंडी तवा, पितळ, तांबं आणि लाकडी पोळपाटही यात घालू नये. प्लॅस्टिकचे डबे शेवटी ओले राहिले तर तेही साहजिक आहे. प्लॅस्टिक उष्णता धरून ठेवत नाही, म्हणून त्यावरचं पाणी वाळत नाही.

मशीन सुरूच होत नाही

त्याच प्लगवर दुसरं उपकरण लावून वीज येते का ते पाहा. मग दाराचा खटका नीट लागलाय का, चाइल्ड लॉक किंवा उशिरा सुरू होण्याची वेळ चुकून लागली आहे का ते तपासा. हीटर चालू असताना मशीन सुमारे २,००० वॉट खेचतं. म्हणून १६ अँपिअरचा प्लग आणि चांगलं अर्थिंग हवंच. एक्स्टेन्शन बोर्ड नको आणि घरच्या छोट्या इन्व्हर्टरवरही नको.

धुणं चालू असताना वीज गेली तर लगेच दार उघडू नका, आत गरम वाफ असते. वीज आल्यावर बहुतेक मशीन थांबलं तिथून पुढे चालतं.

कोड काय सांगतो?

कोड कंपनीनुसार बदलतात. उदाहरणार्थ, बॉशच्या अनेक मॉडेलमध्ये ई-१५ म्हणजे तळाच्या ट्रेमध्ये पाणी उतरलंय, ई-१८ म्हणजे पाणी कमी येतंय आणि ई-२४ किंवा ई-२५ म्हणजे पाणी बाहेर जात नाही. एलजीमध्ये आयई पाणी येण्याची, तर ओई पाणी जाण्याची अडचण दाखवतो. फोन करताना हा कोड आणि मॉडेल नंबर सांगा. मेकॅनिक योग्य पार्ट घेऊनच निघेल आणि दुसरी फेरी वाचेल.

गळतीमागे कधी कधी फेस असतो. गोळी संपली म्हणून भांडी घासायचं लिक्विड किंवा कपड्याची पावडर घातली, की फेस दारातून आणि खाली उतरतो. यात बदली माल चालत नाही. गोळी नसेल त्या दिवशी मशीन लावू नका.

इथे मात्र हात लावू नका

मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, जळका वास आला, मेन स्विच वारंवार पडू लागला किंवा तळाच्या ट्रेमध्ये पाणी दिसलं, तर मेन स्विच आणि नळ बंद करा. ओल्या हाताने प्लगला हात लावू नका. हीटर, मोटर, सर्किट बोर्ड आणि आतली वायरिंग हे जाणकाराचंच काम आहे. झिणझिण्या येत असतील तर घरचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, कारण तो धोका एकट्या डिशवॉशरपुरता नसतो.

मेकॅनिक आल्यावर काय विचाराल?

‘बोर्ड गेलाय’ हे ऐकलं की लगेच हो म्हणू नका. कशावरून ठरवलं ते विचारा. पार्ट आणि मजुरी यांचा वेगवेगळा अंदाज लेखी घ्या, बदललेला जुना पार्ट मागा आणि नव्याची वॉरंटी बिलावर लिहून घ्या. मशीन वॉरंटीत असेल तर बाहेरच्या माणसाकडून उघडण्याआधी अटी वाचा.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. कंपन्यांची दुरुस्ती, सुटे भाग आणि वॉरंटीची माहिती ग्राहकाला एका ठिकाणी मिळावी, हा त्यामागचा हेतू. कंपनी दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

पण त्या फोनची वेळ येण्याआधी तीन गोष्टी पाहून घ्या: मिठाची टाकी, तळाची गाळणी आणि पाइपच्या तोंडची जाळी. जड पाण्याच्या गावात डिशवॉशर किती वर्षं टिकेल, हे बरंचसं या तीन जागांवर ठरतं.