राणीछाप रुपयाचे मोल

अनेक कुटुंबांत जुन्या पेटीच्या तळाशी, हळदकुंकवाचे डाग पडलेल्या फडक्यात बांधलेले चार-दोन चांदीचे रुपये आजही सापडतात. लक्ष्मीपूजनाला ते बाहेर निघतात व पुन्हा पेटीत जातात. अडचणीच्या प्रसंगी मात्र ते सराफाच्या काट्यावर चढतात, आणि तेथे एकच प्रश्न उरतो: यात चांदी किती?

या प्रश्नाचे उत्तर नाण्यावरील सालात आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ साली आपल्या मुलखात एकसारखा रुपया सुरू केला. त्याचे वजन एक तोळा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम, त्यातील बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. राणी व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज यांच्या कारकिर्दीतही हे प्रमाण ढळले नाही. अशा प्रत्येक रुपयात सुमारे १०.६९ ग्रॅम चांदी असे. १९४० साली, दुसऱ्या महायुद्धाच्या ओढगस्तीत, सरकारने हे प्रमाण निम्म्यावर आणले. वजन तेच, राजाही तोच सहावा जॉर्ज. चांदी मात्र अवघी ५.८३ ग्रॅम. १९४७ साली निकेलचा रुपया आला आणि नेहमीच्या व्यवहारातील रुपयात चांदी उरली नाही.

यामागे एक साधा नियम आहे. नाण्यातील धातू नाण्याच्या किमतीहून महाग झाला की नाणे बाजारात न राहता मुशीत जाते. पहिल्या महायुद्धात चांदी कडाडली, तेव्हा १९१७ साली रुपये वितळविण्यास बंदी घालावी लागली आणि त्याच वर्षी एक रुपयाची नोट निघाली. पुढे १९४१ साली व्हिक्टोरिया राणीचे रुपये चलनातून बाद झाले. सरकारला ती चांदी परत हवी होती. पण असंख्य गृहिणींनी हलका रुपया खर्चून बंदा रुपया गाठीला ठेवला. त्यांना साठेबाज म्हणणे सोपे आहे. वस्तुतः अर्थशास्त्राचे पुस्तक न उघडता त्यांनी चोख हिशेब केला होता.

आजच्या पिढीने मात्र तो हिशेब विसरू नये. १९४० पूर्वीचे आणि नंतरचे रुपये एकाच ढिगात तोलून सरसकट हलक्या भावाने दिले, तर ज्येष्ठांनी जपलेली निम्मी चांदी पाच मिनिटांत हातची जाते. काट्यावर ठेवण्यापूर्वी प्रत्येक नाण्याचे साल वाचावे, दोन ढीग वेगळे करावेत. काही सालांची नाणी दुर्मिळ असून जाणकार त्यांना चांदीहून कितीतरी अधिक किंमत देतात. तेव्हा तेही पाहावे.

गरज पडली तर चांदी विकण्यात कमीपणा नाही. परंतु मोडीत गेलेले नाणे पुन्हा मिळत नाही. चांदीचा भाव उद्याही कळेल. नाण्यावरील साल मात्र मुशीत गेल्यावर कोणालाच वाचता येणार नाही.