मटणाचा भाव आणि मेंढपाळाचा हिशेब



२०१९ सालच्या अखेरीस कोल्हापुरात मटणाच्या दरावरून मोठे आंदोलन झाले. दर परवडत नाही म्हणून ग्राहक रस्त्यावर उतरले, तर विक्रेत्यांनी दुकाने बंद ठेवली. निपाणीपासून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटरवर. त्यामुळे तिथल्या दराची चर्चा आपल्याकडेही घरोघरी झाली. ग्राहक म्हणत होते, दर फार झाला. विक्रेते म्हणत होते, बकऱ्यांची आवक घटली आणि कातड्याला भाव उरला नाही. या वादात एका माणसाचा आवाज मात्र फारसा ऐकू आला नाही. तो म्हणजे शेळ्या-मेंढ्या पाळणारा. आपल्या वर्गातल्या अनेक मुलांच्या घरी दोन-चार शेळ्या असतात, काहींच्या घरी मेंढरांचा कळप असतो. दुकानात भाव वाढला की त्यांच्या घरी जास्त पैसे येतात का? याचे उत्तर साध्या अंकगणिताने शोधता येते.

(आपल्या भागात मेंढीलाही बकरीच म्हणतात. गोंधळ नको म्हणून या लेखात शेळी आणि मेंढी असे वेगळे शब्द वापरले आहेत.)

मटण दुप्पट महाग का?

पंचवीस किलोच्या बोकडाचे पंचवीस किलो मटण होत नाही. मुंडी, पाय, कातडे, पोटातले भाग आणि रक्त वजा जाता मटण साधारण ४५ ते ५० टक्के उरते. म्हणजे पंचवीस किलोच्या बोकडाचे सुमारे बारा किलो.

आता हिशेब मांडू. यातले भाव फक्त उदाहरणासाठी आहेत. समजा, बोकडाचे जिवंत वजन २५.६ किलो आहे आणि तो किलोमागे ३०० रुपयांनी विकला गेला. खाटकाने ७,६८० रुपये मोजले. त्याला बारा किलो मटण मिळाले. ७,६८० भागिले १२, म्हणजे मटण त्याला ६४० रुपये किलोने पडले. त्यात अजून गाडीभाडे, दुकानाचे भाडे, मजुरी आणि त्याचा नफा धरलेला नाही. जिवंत जनावराचा भाव ३०० आणि मटणाचा ७०० ऐकला की मधला माणूस लुटतो असे वाटते, पण निम्म्याहून जास्त फरक वजनातील घटीचा असतो.

कातड्याचे कारणही याच हिशेबात बसते. समजा, एका कातड्याचे खाटकाला २४० रुपये मिळत होते. बारा किलोवर विभागले तर किलोमागे २० रुपयांची ती मदत होती. कातड्याला गिऱ्हाईक उरले नाही, की तेवढे वीस रुपये मटणाच्या दरात चढवावे लागतात. पाळणाऱ्याच्या हातात त्यातला एक पैसाही जात नाही.

लोकरीचेही तसेच झाले. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी. तिची घोंगडी होत असे आणि लोकरीच्या पैशावर मेंढपाळाचा काही संसार चालत असे. गिरणीची स्वस्त ब्लँकेटे आली, घोंगडीची मागणी घटली. आज पुष्कळ ठिकाणी कातरणीची मजुरीसुद्धा लोकरीतून निघत नाही. पिकाच्या रानात मेंढरे बसवल्याबद्दल शेतकरी धान्य किंवा रोख देतो, ते उत्पन्न अजून आहे. पण मुख्य आधार आता मांसाचाच. म्हणून मेंढपाळही लोकरीच्या मेंढ्यांऐवजी उंच, लवकर वजन धरणाऱ्या मेंढ्यांकडे वळले. जत तालुक्यातील माडग्याळ गावाच्या नावाची मेंढी त्यामुळेच एवढी नावाजली.

मागणीचे कॅलेंडर

मटणाची मागणी वर्षभर सारखी नसते. आषाढात चढते, श्रावणात एकदम उतरते, दसऱ्याला पुन्हा वाढते. गावोगावच्या यात्रांत ती कुठेही केव्हाही उसळते. बकरी ईदसाठी एक वर्ष पूर्ण झालेला, अव्यंग बोकड लागतो आणि त्याला चांगला भाव येतो. ईद दरवर्षी इंग्रजी कॅलेंडरात दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, हे लक्षात ठेवून काही हुशार पशुपालक शेळी कधी गाभण ठेवायची ते ठरवतात. शेळीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा. म्हणजे विक्रीच्या सतरा-अठरा महिने आधी विचार करावा लागतो.

मागणी दुरूनही येते. तेलंगणा सरकारने जून २०१७ मध्ये मेंढपाळ कुटुंबांना अनुदानावर वीस मेंढ्या आणि एक मेंढा देण्याची योजना सुरू केली. या मेंढ्या कर्नाटक, महाराष्ट्र आणि आंध्रातून खरेदी होत होत्या. २०१९ च्या पशुगणनेनुसार कर्नाटकात सुमारे १ कोटी १० लाख मेंढ्या होत्या, महाराष्ट्रात सुमारे २७ लाख. म्हणजे मेंढीच्या बाबतीत आपण मोठ्या भांडाराच्या कडेला राहतो आणि खाणारी मोठी शहरे आपल्या दोन्ही बाजूंना आहेत. भाव मागणीने हलतो, आणि आवक मात्र एका दिवसात वाढवता येत नाही. करडू विकण्याजोगे व्हायला महिने लागतात.

डोळ्यांचा अंदाज की टेप?

आठवडी बाजारात बोकड बहुधा नगावर, उक्ता विकला जातो. जुन्या पद्धतीत तर उपरण्याखाली हात घालून बोटांच्या खुणांनी सौदा होई. शेजारच्यालाही भाव कळत नसे. व्यापारी रोज शेकडो जनावरे हाताळतो. पाठीवर पंजा ठेवला की त्याला वजन कळते. विकणारा वर्षातून दोनदा बाजारात जातो. इथे पाळणारा हरतो.

घरी तराजू नसेल तर शिंप्याची टेप पुरे. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून मागे ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा. दोन्ही सेंटिमीटरमध्ये.

वजन (किलो) = घेर × घेर × लांबी ÷ १०,८३८

समजा, घेर ६८ आणि लांबी ६० आहे. ६८ × ६८ = ४,६२४. त्याला ६० ने गुणले की २,७७,४४०. त्याला १०,८३८ ने भागले की सुमारे २५.६ किलो. हा अंदाजच आहे, किलो-दोन किलोचा फरक पडू शकतो. जनावर सरळ उभे असावे आणि नुकतेच पोटभर चरून आलेले नसावे.

हाच बोकड मालकाने 'बावीस किलोचा असेल' म्हणून दिला, तर ३०० च्या दराने त्याला ६,६०० रुपये मिळतात. टेप लावली असती तर ७,६८०. एका बोकडामागे १,०८० रुपये गेले. पाच बोकडांचे ५,४००. सातवी-आठवीच्या मुलाला हा गुणाकार येतो, आणि तो घरच्यांच्या कामाला येतो.

मेलेल्या करडाचा खर्च कोण भरतो?

भावात थोडे मिळवले, पण खरा पैसा जातो तो मरतुकीत. पुन्हा उदाहरण घेऊ. दहा करडे आहेत. विकण्याजोगे होईपर्यंत प्रत्येकी २,००० रुपये खर्च येतो आणि २० किलोचे करडू ६,००० ला जाते.

सगळी जगली तर विक्री ६०,०००, खर्च २०,०००, शिल्लक ४०,०००.

आता त्यातली चार अर्ध्या वाटेत मेली असे धरा. त्यांच्यावर तोवर प्रत्येकी १,००० खर्च झालेला आहे. उरलेल्या सहांवर १२,०००. एकूण खर्च १६,०००, विक्री ३६,०००, शिल्लक २०,०००. करडे चाळीस टक्के मेली, पण शिल्लक पन्नास टक्के घटली. मेलेल्यांचा खर्च जगलेल्यांनी भरला. मटणाचा भाव दुकानात कितीही चढो, हा खड्डा त्याने भरून निघत नाही.

आपल्याकडे सर्वांत मोठे नुकसान करणारा रोग म्हणजे पीपीआर, शेळ्या-मेंढ्यांची बुळकांडी. जोराचा ताप, नाक-डोळ्यांतून घाण, तोंडात फोड, जुलाब आणि न्यूमोनिया ही त्याची लक्षणे. कळपात आधी लस दिलेली नसेल तर पुष्कळ जनावरे दगावतात. माणसाला हा रोग होत नाही. जगात तो प्रथम १९४२ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट येथे नोंदला गेला आणि भारतात १९८७ मध्ये तमिळनाडूत आढळला.

याच घराण्यातल्या विषाणूने गुराढोरांना बुळकांडी होत असे. आपल्या पणजोबांच्या काळात ती गावेच्या गावे ओस पाडी. लसीकरणाने ती इतकी मागे हटली की २०११ मध्ये जगातून तिचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. माणसांची देवी आणि गुरांची बुळकांडी, एवढेच दोन रोग माणसाने जगातून पुरते घालवले आहेत. आता २०३० पर्यंत शेळ्या-मेंढ्यांची बुळकांडीही घालवायची, असे आंतरराष्ट्रीय संस्थांनी ठरवले आहे.

पीपीआरची लस आपल्या देशातच तयार होते. एकदा दिलेली लस साधारण तीन वर्षे संरक्षण देते. करडे-कोकरे तीन-चार महिन्यांची झाली की द्यावी. लस बर्फातच आणावी लागते आणि पाण्यात मिसळल्यावर थोड्याच वेळात संपवावी लागते.

दुसरा रोग आंत्रविषार. पहिल्या पावसानंतर कोवळे गवत उगवते. त्यावर ताव मारणारी, कळपातली सर्वांत धष्टपुष्ट कोकरे अचानक मरतात. लोक 'दृष्ट लागली' म्हणतात. खरे कारण पोटातले जंतू आणि त्यांचे विष. याची लस दरवर्षी पावसाळ्यापूर्वी द्यायची असते. बाजारात ज्या कोकराला सर्वांत जास्त भाव आला असता, तेच यात आधी जाते.

रोगाला सीमा नाही

आपल्या भागाची एक खास अडचण आहे. धनगर आणि कुरुब मेंढपाळांचे वाडे पावसाळ्यात पश्चिमेकडचा जोराचा पाऊस टाळून पूर्वेच्या कोरड्या माळांकडे जातात, सुगीनंतर बागायती पट्ट्यात उतरतात. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला दोन्ही राज्यांतले धनगर जमतात. पेठ वडगावच्या बाजारात इकडची जनावरे जातात, तिकडची इकडे येतात. पण लस टोचणारी पथके राज्यवार आणि गाववार चालतात. पथक गावात येते तेव्हा कळप शंभर किलोमीटरवर असतो. तिकडच्या यादीत त्याचे नाव नसते. अशा सुटलेल्या कळपातूनच रोग पुन्हा पसरतो.

रोगामुळे बाजार कसा मोडतो हे आपण २०२२ मध्ये पाहिले. गाई-बैलांत लम्पी पसरला. महाराष्ट्राने सप्टेंबरमध्ये गुरांचे बाजार आणि राज्याबाहेरची वाहतूक बंद केली. कर्नाटकातही निर्बंध आले. ज्याच्या गोठ्यात रोग नव्हता त्यालाही जनावर विकता येईना. मुलाची फी किंवा दवाखान्याचा खर्च बाजारबंदीसाठी थांबत नाही.

शेळ्या-मेंढ्यांत असा प्रसंग आला तर? पहिली चूक अशी होते की रोग दिसताच लोक आजारी जनावर मिळेल त्या भावाने बाजारात नेतात. विकणाऱ्याचे नुकसान होतेच, शिवाय घेणाऱ्याच्या कळपात रोग जातो.

आपल्याला काय करता येईल?

घरी एक वही ठेवा. विण्याची तारीख, लस, जंताचे औषध, वजन, विक्री आणि मरतूक, एवढे सहा रकाने पुरेत. ती लिहिण्याचे काम घरातल्या शाळकरी मुलाकडे द्यावे.

विकत आणलेले जनावर तीन आठवडे कळपापासून वेगळे बांधा. आजारी जनावर बाजारात नेऊ नका. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे.

कानात बारा अंकी बिल्ला मारून घ्या. तो क्रमांक देशभर एकच असतो, त्यामुळे लसीची नोंद जनावराबरोबर सीमेपलीकडेही जाते. बिल्ला नसलेल्या जनावरांच्या बाजारातील खरेदी-विक्रीवर महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये बंधन आणले आहे. तिकडच्या बाजारात जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

विश्वस्त मंडळासमोर एक विचार ठेवावासा वाटतो. वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्यापूर्वी आणि एकदा कळप सुगीला परततात तेव्हा, पशुसंवर्धन खात्याच्या मदतीने शाळेच्या मैदानाशेजारी लसीकरणाचा दिवस ठेवता येईल. त्याच दिवशी एक काटा ठेवला तर विद्यार्थी टेपने काढलेले वजन काट्यावर पडताळून पाहतील. परराज्यातला वाडा जवळपास उतरला असेल तर त्यालाही बोलवावे. त्याच्या मेंढ्या निरोगी असतील तरच आपल्या शेळ्या निरोगी राहतील.

दुकानातला मटणाचा भाव ठरवणे आपल्या हातात नाही. करडू जगवणे आणि ते वजन जाणून विकणे मात्र आहे. शेळीला गरिबाची गाय म्हणतात. अडीनडीला विकता येणारी ती घरातली ठेव आहे. तिचा हिशेब घरात कोणाला तरी आला पाहिजे, आणि तो शिकवण्याची जागा शाळाच आहे.