वणवा विझतो, धूर जळत राहतो

२०१९ चा डिसेंबर संपता संपता आग्नेय ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांनी असा जोर धरला, की त्यांच्या उष्णतेने आगीवरच गडगडाटी ढग उभे राहिले. या ढगांनी धूर थेट स्थितांबरात नेऊन सोडला. पुढे पाऊस आला, आगी विझल्या. धूर मात्र महिनोन्‌महिने पृथ्वीभोवती फिरत राहिला आणि फिरता फिरता बदलत गेला.

लाकूड पुरते जळाले तर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, वाफ आणि राख उरते. जंगलात ते पुरते जळत नाही. सेल्युलोज तापून फुटते आणि त्यातून लेव्होग्लुकोसान नावाची शर्करा बनते. हवेच्या नमुन्यात ती सापडली, की लाकूड जळाल्याची खूण पटते. लाकडाला ताठपणा देणाऱ्या लिग्निनपासून ग्वायाकॉल सुटते. शेकोटीजवळ बसून आल्यावर दुसऱ्या दिवशीही कपड्यांना येणाऱ्या धुरकट वासात त्याचा मोठा वाटा असतो. डोळे चुरचुरतात ते फॉर्माल्डिहाइड आणि ॲक्रोलिनसारख्या वायूंमुळे. अशी शेकडो संयुगे एका लोटात असतात. जमिनीवर जे जळायचे राहिले, ते आकाशात ज्योतीविना, सावकाश जळू लागते.

ही मंद आग सूर्य पेटवतो. धुरातल्या नायट्रस आम्लाचे रेणू भर उन्हात काही मिनिटांत फुटतात आणि हायड्रॉक्सिल मूलके मोकळी होतात. हे मूलक सेकंदभरही टिकत नाही, पण तेवढ्यात भेटेल त्या संयुगावर तुटून पडते. या साखळीला नायट्रोजनच्या ऑक्साइडांची जोड मिळाली, की फुप्फुसांना घातक असा ओझोन तयार होतो. काही ऑक्साइडे ‘पॅन’ नावाच्या संयुगात अडकतात. उंचावरच्या थंडीत पॅन टिकते, शेकडो किलोमीटर वाहत जाते आणि उबदार हवेत उतरले की फुटते. मग जिथे कोणी वणवा पाहिलाही नाही, तिथे ओझोन बनू लागतो.

रात्री कारभार नायट्रेट मूलकाकडे जातो. दिवसा ऊन त्याला टिकू देत नाही. अंधारात ते फिनॉल गटातल्या संयुगांना गाठते आणि पिवळसर-तपकिरी नायट्रोकॅटेकॉल बनवते. धुराला चढलेला हा रंग पुढे उन्हात हळूहळू विटतो.

ऑस्ट्रेलियाचा धूर याच्याही पलीकडे गेला. काजळी ऊन शोषून भोवतालची हवा तापवते, त्यामुळे धूर आपोआप वर चढतो. सुमारे १,००० किलोमीटर रुंदीचा एक भोवरा ३५ किलोमीटर उंचीपर्यंत पोहोचला. हे ओझोन थराचे क्षेत्र. तिथे जुन्या फ्रीजमधल्या आणि स्प्रेच्या डब्यांतल्या वायूंचा क्लोरीन आजही आहे. त्यातला बराचसा हायड्रोजन क्लोराइडच्या रूपात निपचित पडून असतो. एरवी त्याला ध्रुवावरच्या अतिथंड ढगांतच जाग येते. धुराच्या जुनाट, आम्लयुक्त कणांत मात्र हायड्रोजन क्लोराइड त्याहून उबदार हवेतही विरघळतो आणि क्लोरीन मोकळा होतो. अंटार्क्टिकावरच्या ओझोन छिद्राचे रसायन उलगडणाऱ्या सुसान सॉलोमन यांनी सहकाऱ्यांसह २०२३ मध्ये ही प्रक्रिया मांडली. २०२० मध्ये दक्षिण गोलार्धाच्या मध्य अक्षांशांवर ओझोन ३ ते ५ टक्क्यांनी घटला होता.

अशा वायूंना आवर घालणाऱ्या माँट्रियल करारामुळे हा क्लोरीन वर्षागणिक कमी होत आहे. तो पुरता संपेपर्यंत प्रत्येक मोठा वणवा आकाशातल्या त्या जुन्या जखमेवरची खपली काढू शकतो.