कॅलेंड्युला म्हणजे आपला झेंडू नव्हे!

प्रभादेवीत सिद्धिविनायकाच्या वाटेवर हारांत दिसतो तो झेंडू, मूळचा मेक्सिकोचा. मलमात असतो तो कॅलेंड्युला, भूमध्य समुद्राकाठचा. कूळ एकच, झाडं वेगळी. त्यामुळे उरलेल्या हाराचं तेल करून जखमेवर लावू नका, प्लीज!

कॅलेंड्युलाचं फूल चुरगाळलं की बोटांना चिकट राळ लागते. सूज उतरवणारे ट्रायटरपीन घटक या फुलात असतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच अभ्यासात, स्तनाच्या कर्करोगावर रेडिएशन घेणाऱ्या २५४ रुग्णांपैकी कॅलेंड्युला लावणाऱ्या ४१ टक्के जणींना त्वचादाहाचा लक्षणीय त्रास झाला; दुसरं मलम लावणाऱ्यांत ६३ टक्के. केवढा फरक!

घरी तेल करायचं तर फुलं कडकडीत वाळवा, ओल राहिली की बुरशी धरते. याच कुळातल्या शेवंतीची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी लांबच राहावं.