आंबेडकर गुरुजींचे पत्र

दारव्हा, दिग्रस, पुसद, वणी येथील जुन्या शाळांत शिकलेली कित्येक कुटुंबे आज व्यापारानिमित्त दूरदूर पांगली आहेत. पण गुरुजींचा विषय निघाला की त्या पिढीचा स्वर आजही मृदू होतो. अशाच एका गुरुशिष्याची हकिकत महाराष्ट्राला परिचित आहे. तिच्या उत्तरार्धाकडे मात्र फारसे लक्ष जात नाही.

साताऱ्याच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी या बालकाचे नाव दाखल झाले. मधल्या सुट्टीत जेवणासाठी हा मुलगा लांब घरी जाई, हे तेथील आंबेडकर गुरुजींना रुचेना. स्वतःच्या शिदोरीतील भाजी-भाकरी ते त्याला रोज देऊ लागले. मात्र वरून, स्पर्श टाळून. रूढीचे कुंपण त्यांनी अर्धेच ओलांडले, हेही नमूद केले पाहिजे. त्या मुलाला त्या घासाची गोडी जन्मभर पुरली. आपले आडनावही गुरुजींनीच दिले, असे बाबासाहेब सांगत.

तीस वर्षे लोटली. १९३० साली बाबासाहेब पहिल्या गोलमेज परिषदेसाठी लंडनला निघाले, तेव्हा गुरुजींचे अभिनंदनाचे पत्र आले. गुरुजी भेटीस आले, त्या वेळी बॅरिस्टर झालेल्या शिष्याने त्यांना वंदन करून वस्त्रांचा आहेर केला. आपल्या घरी जुन्या हिशेबाच्या चोपड्या जपाव्यात, तसे ते पत्र त्यांनी जपून ठेवले होते. आत्मचरित्र लिहिले, तर त्यात ते छापण्याचा त्यांचा मानस होता.