आडोशाचा कडा : विजयदुर्गच्या भूशिराची गोष्ट

तळेऱ्याहून विजयदुर्गाकडे निघालेला रस्ता पडेलचा तिठा मागे टाकतो, तशी झाडी विरळ होत जाते. कलमांच्या बागांचे गडगे संपले की दोन्ही बाजूंना काळपट तांबडा कातळ पसरतो. कोकणी माणूस याला सडा म्हणतो. गिर्ये गावाच्या पुढे हा सडा निमुळता होत समुद्रात शिरतो. पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वाघोटन नदीची खाडी आणि टोकावर तीन बाजूंनी पाण्याने वेढलेला विजयदुर्ग. जमिनीची चौथी बाजू माणसांनी खंदक खणून तोडली होती. किल्ला पाहून आपण परततो आणि ज्या खडकावर तो उभा आहे त्याकडे क्वचितच लक्ष देतो. माझ्या मते इथला सगळा इतिहास त्या खडकाने आधीच आखून ठेवला होता.

जांभ्याची टोपी

या सड्याचा पाया काळ्या बेसाल्टचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर पसरले, त्यांची ही दक्षिणेकडची शेवटची टोके. पुढे उष्ण आणि दमट हवामानात हा खडक लाखो वर्षे कुजत राहिला. पावसाने त्यातली सिलिका धुऊन नेली. लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागे उरले. त्याचाच जांभा झाला. खाणीतून काढताना तो मऊ असतो, म्हणून त्याचे चिरे तासता येतात. वारा-ऊन लागले की तो टणक होतो. कोकणातली घरे, विहिरी, देवळे आणि गडगे या एका गुणावर उभे आहेत.

भूशिराचा उभा, खडबडीत कडाही याच रचनेतून आला. वरची जांभ्याची टोपी कठीण, खालचा मातकट थर मऊ. लाटा पायथ्याचा मऊ थर पोखरतात, वरची टोपी अधांतरी राहते आणि एखाद्या पावसाळ्यात तिचा मोठा तुकडा सुटून खाली कोसळतो. कड्याच्या तळाशी पडलेल्या प्रचंड धोंड्यांचे मूळ हेच.

सड्यावर पडलेला पाऊस भेगांतून झिरपतो आणि उतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतो. म्हणून वस्ती आणि बागा उताराला, आणि माथा उघडा. पण उघडा माथा म्हणजे ओसाड नव्हे. श्रावण-भाद्रपदात याच कातळावर इवल्या फुलांचे ताटवे उमलतात, त्यांत कीटक पकडणाऱ्या वनस्पतीही असतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या अशाच सड्यांवर कोण्या प्राचीन माणसांनी हत्ती, मासे आणि मानवाकृती कोरून ठेवल्या. ही कातळशिल्पे 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आली.

वाळू नसलेले मुख

कोकणातल्या बहुतेक खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा दांडा साचतो. भरतीची वाट पाहिल्याशिवाय मोठे जहाज आत येत नाही, आणि पावसाळ्यात तर त्या दांड्यावर लाटा फुटत असतात. वाघोटनच्या मुखाशी असा अडथळा नाही. शिवाय नैर्ऋत्येकडून येणारा वारा आणि लाटा भूशिर आपल्या अंगावर घेते, त्यामुळे त्याच्या पाठीमागची खाडी भर पावसाळ्यातही शांत राहते. ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरने या बंदराची गणना पश्चिम किनाऱ्यावरच्या उत्तम बंदरांत केली, ती याच कारणांनी.

हा आडोसा जुन्या लोकांना ठाऊक होता. याच नदीवर आत खारेपाटण आहे. तिथे सापडलेला शिलाहार राजा रट्टराजाचा ताम्रपट शके 930 चा, म्हणजे 1008 सालचा. जहाजातला माल खाडीने वर न्यायचा आणि पुढे सह्याद्रीच्या घाटांनी देशावर चढवायचा, असा हा मार्ग. त्याच्या दारावर जो बसेल, त्याच्या हाती त्याची किल्ली. किल्ल्याची पहिली बांधणी परंपरेने शिलाहार भोज राजाकडे जाते. शिवाजी महाराजांनी तो आदिलशाहीकडून 1653 मध्ये घेतला आणि संवत्सराच्या नावावरून विजयदुर्ग हे नाव दिले, असे सांगतात. पंचांग पाहिले तर शके 1575 चे संवत्सर खरोखरच ‘विजय’ आहे. इंग्रज मात्र गिर्ये गावाच्या नावावरून त्याला ‘घेरिया’च म्हणत राहिले.

आंग्रे, आग आणि अदलाबदल

1713 च्या तहाने हा किल्ला मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे यांच्याकडे निश्चित झाला. 1720 मध्ये इंग्रजांनी तोफा चढवलेला तरंगता तराफा आणून हल्ला केला, 1724 मध्ये डच आले. दोघेही हात हलवत परतले. आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबते उथळ पाण्यातही फिरत. शत्रूची अवजड जहाजे उघड्या समुद्रात डोलत असताना आंग्र्यांची जहाजे खाडीतून बाहेर पडून मारा करत आणि पुन्हा भूशिरामागे दिसेनाशी होत. खाडीत आत खडकात खोदलेली आंग्र्यांची गोदी आहे. तिथे जहाजांची डागडुजी होई.

या बळाचा शेवट आपल्याच भांडणातून झाला. कान्होजींचा मुलगा तुळाजी आंग्रे आणि नानासाहेब पेशवे यांचे बिनसले आणि पेशव्यांनी इंग्रजांना मदतीस घेतले. फेब्रुवारी 1756 मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसनचे आरमार खाडीत शिरले. इंग्रज सेनानी क्लाईव्ह फौज घेऊन बरोबर होता. तोफगोळ्याने एका जहाजाला आग लागली आणि एकमेकांजवळ नांगरलेले सगळे आंग्रे आरमार पेटले. ज्या आडोशाने त्याला इतकी वर्षे राखले, तिथेच ते जळून गेले. 13 फेब्रुवारीला किल्ला पडला. सुमारे दहा लाख रुपयांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली, आणि तुळाजीचे उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले. त्याच वर्षीच्या तहात इंग्रजांनी बाणकोट घेऊन विजयदुर्ग पेशव्यांना सोडला. पुढे आनंदराव धुळपांनी इथूनच पेशव्यांचे आरमार सांभाळले आणि 1783 मध्ये इंग्रजांचे ‘रेंजर’ जहाज पकडले. पण आंग्र्यांच्या काळचा दरारा परत आला नाही. 1818 मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला.

दोन ग्रहणे

किल्ल्यात ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने इथून हेलियमचा शोध लावला, अशी कथा त्यासोबत ऐकू येते. गाव त्या तारखेला हेलियम दिन साजरा करते. हा अभिमान मला मनापासून प्रिय आहे, आणि म्हणूनच तो खऱ्या पायावर उभा राहावा असे वाटते.

1868 चे ते ग्रहण श्रावणी अमावास्येचे. त्याच्या सावलीचा पट्टा या किनाऱ्यावरून पूर्वेकडे गेला हे खरे, पण भर पावसात कोकणच्या टोकावर दुर्बीण कोण मांडणार? फ्रेंच शास्त्रज्ञ झान्सेन तेव्हा गुंटूरला होता, इंग्रज खगोलशास्त्रज्ञ पॉगसन मछलीपट्टणमला. लॉकियर इंग्लंडमध्येच होता. त्याच वर्षी 20 ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, त्याने तिथूनच सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहिला. त्यातली पिवळी रेषा सोडियमच्या जागी बसत नव्हती. त्या अज्ञात मूलद्रव्याला सूर्यावरून हेलियम नाव मिळाले. पृथ्वीवर ते सापडायला 1895 उजाडले. विल्यम रॅमझे यांनी ते एका खनिजातून मिळवले.

मग ओटे कुणाचे? लॉकियर विजयदुर्गाला आला होता, पण तीस वर्षांनी. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणासाठी त्याने आपला तळ इथे टाकला. पौषातली अमावास्या आणि निरभ्र आकाश. ‘मेल्पोमीन’ या युद्धनौकेवरच्या खलाशांना उपकरणे हाताळायला शिकवून त्याने निरीक्षकांची मोठी तुकडी उभी केली. त्याच दिवशी पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला सोलापूरकडच्या जेऊरला स्वतंत्र वेध घेत होते. लॉकियरच्या मोहिमेचा अहवाल प्रसिद्ध आहे आणि त्यात या जागेचे नाव आहे. म्हणजे विजयदुर्गाकडे स्वतःची, कागदोपत्री सिद्ध असलेली तारीख आहे. दुसऱ्याची तारीख उसनी घेण्याची त्याला गरज नाही.

ढासळणारा तट

जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशांतल्या बारा किल्ल्यांना युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. विजयदुर्ग त्यांत आहे. त्याआधी पाचच वर्षे, ऑगस्ट 2020 मध्ये, समुद्राच्या बाजूची तटबंदी काही ठिकाणी कोसळली होती. कड्याखाली पडलेल्या धोंड्यांची गोष्ट ज्याने वाचली, त्याला याचे नवल वाटू नये. तट बांधणे माणसाच्या हाती होते, पाया पोखरणे लाटांच्या हाती आहे. म्हणून नुसते वरचे चिरे पुन्हा रचून भागणार नाही. भूशिराचा पायथा, सड्यावरून झिरपणारे पाणी आणि पलीकडची खाडी हे सारे एकत्र पाहून जपणूक करावी लागेल.

संध्याकाळी मी तटावर उभा होतो. पश्चिमेच्या अंगाला लाटा खडकावर आपटून फुटत होत्या, त्यांचे तुषार तोंडावर येत होते. दहा पावले चालून मी खाडीच्या बाजूला आलो. तिथे पाणी संथ होते आणि मासेमारी आटोपून आलेल्या होड्या नांगर टाकून उभ्या होत्या. शिलाहार, आंग्रे, धुळप, सगळे या दहा पावलांच्या फरकासाठी इथे आले. तो फरक अजून तसाच आहे.